उद्यमनगर ते चंदगडचा चिखल : आमची वाटचाल

आमचं गॅरेज कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. अण्णांनी सुरू केलं तेव्हा राजदूत आणि बुलेट यायच्या, मग आरएक्स १०० चा जमाना आला. गल्लीत लेथ, पलीकडे फाउंड्री, त्याच्या पलीकडे वेल्डिंगवाला. ऑइल इंजिन आणि पंपांचे भाग बनवणाऱ्या या वस्तीत एखादा बुश वळवून हवा असला की चहा संपेपर्यंत तो हातात पडतो. कच्च्या रस्त्यावरच्या गाड्यांचं काम आमच्याकडे कसं टिकलं, याचं निम्मं उत्तर या गल्लीत आहे. बाकीचं निम्मं खाली लिहितो.

२०११ साली हिरोची इम्पल्स आली. १५० सीसीचं साधं इंजिन, पण उंच बांधा, मागं मोनोशॉक, म्हणजे एकच शॉकअप, आणि पुढं लांब शॉकअप. गाडी बाजारात फारशी चालली नाही. ज्यांनी घेतली ते मात्र वेगळ्याच मातीचे होते. त्यातले बरेच जण एकच मागणी घेऊन यायचे : हिच्यात हिरोच्याच करिझ्मा गाडीचं २२३ सीसी इंजिन बसवून द्या. बसतंही ते. अण्णांनी साफ नाही म्हणून सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर आहे त्याहून वेगळी गाडी करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर बघते. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. चेसी आणि इंजिनाला हात लावायचा नाही, हा नियम तेव्हापासून आहे.

२०१५ ला मोटारसायकलस्वार सी. एस. संतोष यांनी डकार रॅली ही कच्च्या रस्त्यांवरची, जगातली अवघड समजली जाणारी शर्यत पूर्ण केली. हे करणारे ते पहिले भारतीय, आणि पोरांच्या बोलण्यात डकार यायला लागलं. २०१६ ला रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ ला हिरोची एक्सपल्स २००. आता मळ्याच्या पाणंदीतून सकाळी दूध घालून रविवारी गगनबावड्याला जाणारा माणूसही आमचा गिऱ्हाईक झाला.

खरा धंदा इथून सुरू झाला आणि पहिली अडचणही इथंच आली. लोक मोबाइलवर फोटो घेऊन यायचे. जाडजूड क्रॅश गार्ड, तीन पेट्या, चार फॉगलाइट, पेट्रोलचे जादा कॅन. "मालक, सगळं टाका गाडीला." आमचे मिस्त्री शांतपणे विचारायचे, "टाकू की, पण पडल्यावर उचलणार कोण?" एक्सपल्स साधारण दीडशे किलोची, हिमालयन दोनशेच्या आसपास. त्यावर आणखी तीस किलो चढवून चिखलात आडवी झालेली गाडी एकट्यानं उचलून बघा, मग बोलू. म्हणून आमच्याकडे काम सुरू होतं ते काढण्यापासून. मेन स्टँड, मागचा जड कॅरिअर, नुसती शोभेची प्लास्टिकं आधी खाली उतरतात. बिल कमी होतं हे खरं. पण तीच माणसं पुढच्या वर्षी भावाला, मेव्हण्याला घेऊन येतात.

लावायचं म्हणून सगळ्यात आधी इंजिनाखालची बॅश प्लेट. ही आम्ही स्वतः बनवतो, ४ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. पत्रा कापणं आणि वाकवणं गल्लीतच होतं, वेल्डिंग आमच्याकडे. बाजारातल्या प्लेटी वाईट नाहीत, पण आपल्याकडची लाल माती त्यांना ठाऊक नसते. चंदगड, राधानगरी भागात बॉक्साइटच्या ट्रकांनी खणलेल्या रस्त्यांवर जांभ्याचा गारा प्लेट आणि इंजिनाच्या मधे गच्च बसतो, वाळून विटेसारखा होतो आणि इंजिन तापायला लागतं. म्हणून आमच्या प्लेटीला मागच्या बाजूला लांबट खाचा असतात, पाइपनं पाणी मारलं की गारा खाली पडतो. ऑइल काढायच्या नटासमोर भोक ठेवतो, नाहीतर दर सर्व्हिसला प्लेट उतरवावी लागते. प्लेट चेसीवर थेट आवळत नाही, मधे रबरी बुश घालतो. दगडाचा दणका बुशानं खायचा, बोल्टच्या आट्यांनी नाही.

टायरचं म्हणाल तर बटण टायर लावले म्हणजे झालं असं नसतं. सगळा खेळ हवेचा आहे. डांबरावर मागच्या चाकात तिशीच्या आसपास असलेली हवा चिखलात १८-२० पर्यंत उतरवावी लागते. त्याच्याही खाली गेलात तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. हे टाळायला टायरचा काठ रिमवर दाबून धरणारं रिमलॉक बसवतो. दगडांचाच रस्ता असेल तर मात्र हवा इतकी कमी करू नका, रिम आणि दगडात चिमटून ट्यूबला जोडीनं भोकं पडतात. जादा ट्यूब एकच न्यायची असेल तर २१ इंची, पुढच्या चाकाची न्या. अडचणीत ती मागच्या चाकातही घरापर्यंत पोचवते. उलटं होत नाही. आणि आऱ्या! नव्या गाडीच्या आऱ्या पहिल्या दोन-तीन कच्च्या फेऱ्यांनंतर सैल होतातच. पान्याच्या टोकानं एकेक आरी वाजवून बघायची. टणक आवाज हवा. बद्द वाजली की आवळायची, मग चाकाचा आउट, म्हणजे फिरताना दिसणारा वाकडेपणा, काढायचा. हे काम घरीही करता येतं, आम्ही गिऱ्हाइकाला उभं करून शिकवतो.

एअर फिल्टरबद्दल थोडं रागानं लिहितो, कारण लोक ऐकत नाहीत. उन्हाळ्यात चंदगडहून आलेल्या गाडीचा फिल्टर बॉक्स उघडला की वरच्या बाजूला लाल बुकटी असणारच, त्याचं काही नाही. पण फिल्टरच्या आतल्या, इंजिनाकडच्या बाजूला बोट फिरवल्यावर तेच लाल बोट बाहेर आलं, तर ती धूळ पिस्टनपर्यंत गेलेली असते. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुवा, साबणाच्या पाण्यातून काढा, पूर्ण वाळवा, फिल्टरचं तेल चोळा, आणि जिथं तो बसतो त्या काठाला ग्रीसचं बोट फिरवा. या ग्रीसला खर्च काहीच नाही आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

क्लच-ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प आम्ही मुद्दाम पूर्ण आवळत नाही. हँडलवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे देतो आणि हातानं जोर लावला तर फिरेल इतपतच बोल्ट आवळतो. गाडी पडली की लिव्हर वळतो, मोडत नाही. वर बोटं आणि लिव्हर वाचवणारे नकल गार्ड असतातच.

शॉकअपचं काम धाकट्या भावाकडे. आज आमची ओळख आहे ती याच कामामुळे. एक्सपल्स २०० ला मागं १७० मिमी चाल आहे, म्हणजे मागचं चाक तेवढं वर-खाली होतं. चालवणारा बूट-जॅकेट घालून बसला की त्यातली तिसरा हिस्सा, म्हणजे ५० मिमीच्या आसपास, दबली पाहिजे. जास्त दबली तर खड्ड्यात बूड आपटणार, कमी दबली तर गाडी उड्या मारणार. म्हणून आमच्याकडे टेपनं माप घेतलं जातं आणि वजन विचारलं जातं. इथं पाच-सात किलो कमी सांगायची सवय भल्याभल्यांना आहे, त्यामुळे आम्ही वजनकाटाच आणून ठेवला. प्रीलोडनं, म्हणजे आहे तीच स्प्रिंग आधीच थोडी जास्त-कमी दाबून, भागलं तर उत्तमच, नाहीतर स्प्रिंग बदलतो. पुढच्या स्पॉकेटला एक दात कमी करण्याचा सल्लाही बहुतेकांना देतो. चढाला क्लच कमी जळतो, मात्र हायवेला इंजिन जास्त ओरडतं, हेही आधीच सांगतो.

पाण्यातून गाडी काढताना इंजिनात पाणी शिरलं तर सेल्फ मारू नका, हे आम्ही प्रत्येक बिलावर छापलंय. पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, इंजिन फिरवून पाणी बाहेर काढा, मग पुढचं.

काही कामं आम्ही घेत नाही. कर्कश सायलेन्सर लावत नाही. आणि सड्यांवर, पठारांवर गाड्या नेणाऱ्या टोळ्यांबरोबर सर्व्हिसला जात नाही. कास आणि राधानगरी २०१२ पासून जागतिक वारशात आहेत. कासच्या पठारावर जांभ्यावर बोटभर माती असते, तिच्यात ती फुलं उगवतात. बटण टायरनं ती एकदा उखडली की पुन्हा बसायला कित्येक वर्षं जातात. पाणंदी, कॅनॉलचे रस्ते, घाटातल्या जुन्या वाटा आपल्याकडे भरपूर आहेत.

आता गॅरेजात आम्ही दोघं भाऊ, तेच मिस्त्री आणि आयटीआय झालेली दोन पोरं आहोत. अण्णा रोज दुपारी येऊन बसतात आणि कुणी कुठला बोल्ट जास्त आवळला ते आवाजावरून सांगतात. मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर सगळ्यात जास्त गर्दी असते. तेव्हा यायचं असेल तर आधी फोन करा, नेहमीचे बूट घालून या आणि गाडी धुऊन आणा. चिखलाखालची चीर आम्हालाही दिसत नाही.