आकडा पडायच्या ऐवजी चढला

"थर्मोकपल गेलंय, नवीन घेऊनच या," असं कस्टमर फोनवर सांगतो तेव्हा मी हो म्हणतो आणि मल्टिमीटर बरोबर घेतो. या घरात आधीच्या मेकॅनिकने थर्मोकपल दोनदा बदललं होतं. गॅस गिझरचं दुखणं मात्र जिथल्या तिथे. पायलट, म्हणजे बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, पेटतो, पाणी तापतं, दहाएक मिनिटांत सगळं बंद. जरा थांबून पेटवलं की पुन्हा सुरळीत.

हे ऐकूनच खटकलं. कमजोर थर्मोकपल सहसा इतका दम काढत नाही. नॉबवरचा अंगठा काढला की लगेच, फार तर मिनिटभरात, पायलट विझतो. "चालतो, मग बंद पडतो, थंड झाला की परत चालतो" ही तक्रार वेगळीच आहे.

थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंचा जोड; तो तापला की त्यातून थोडी वीज वाहते. 1821 मध्ये सीबेकने अशा तापलेल्या जोडाजवळ होकायंत्राची सुई हललेली पाहिली आणि उष्णतेने चुंबकत्व निर्माण होतं असा अर्थ लावला. खरं कारण होतं विजेचा प्रवाह. गिझरमध्ये मात्र आपल्याला हवं असतं ते चुंबकत्वच. ज्योतीत ठेवलेल्या टोकातून आलेली वीज गॅसच्या झडपेतल्या चुंबकाला मिळते आणि ते झडप धरून ठेवतं. धरून ठेवतं, एवढंच. ओढून उघडायची ताकद त्यात नाही, तिथे आपला अंगठा लागतो. ज्योत गेली, टोक निवलं, की स्प्रिंग झडप मिटवते. बाहेरची वीज नको, सेल नको. इतकी वर्षं हे काम करतोय, पण या रचनेचं कौतुक काही ओसरत नाही.

आधीच्याने नट पान्याने जीव खाऊन आवळला होता. हाताने घट्ट करून वर पान्याने पाव फेरा, बस. जास्त आवळलं तर टोकाचं इन्सुलेशन चिरडतं. नट सोडवून मोजलं: 27 मिलिव्होल्ट, उत्तम. पण मोकळ्या टोकावरचं माप म्हणजे निम्मीच गोष्ट. चुंबकाच्या गुंडाळीचा रोध अगदी नगण्य, त्यामुळे खरी परीक्षा लोडवर, म्हणजे थर्मोकपल चुंबकाला जोडलेलं असताना. त्यासाठी मधे लावायचा अडॅप्टर मी बाळगतो. बाकीचे मेकॅनिक त्याला हसतात. लोडवर 13. तेही ठीक. काढलेली जुनी दोन्ही थर्मोकपल घरच्या काकांनी जपून ठेवली होती. तीही ज्योतीत धरून पाहिली. दोन्ही ठणठणीत.

मग बर्नर पेटवला, मीटर तसाच ठेवला आणि काकांना सांगितलं, रोज जसं वागता तसंच सगळं करा. त्यांनी दार लावलं, खिडकी लावली, सुनेने स्वयंपाकघरातला नवा एग्झॉस्ट चालू केला. बराच वेळ आकडा 13 वर. एकाएकी टक् आवाज आला, झडप मिटली आणि आकडा पडायच्या ऐवजी उडी मारून 27 वर गेला. मग ज्योत नसल्यामुळे हळूहळू उतरत गेला.

थर्मोकपल दगा देतं तेव्हा आकडा घसरतो आणि मग झडप सुटते. इथे आधी चढला, म्हणजे लोडच निघून गेला; वाटेत कुठेतरी सर्किट तुटलं. या मॉडेलमध्ये धुराच्या पाइपाच्या तोंडाशी, थर्मोकपलच्या वाटेतच, एक छोटा उष्णतेचा स्विच असतो. धूर वर न जाता खोलीत उलटला की तो तापून सर्किट तोडतो आणि निवला की आपोआप जोडतो. काडी विझवून तिचा धूर तिथे धरला, तर तो सरळ माझ्या तोंडावर आला. एग्झॉस्ट बंद करून खिडकी उघडली आणि काही वेळाने पुन्हा पाहिलं. धूर पाइपात गेला. बंद खोलीतली हवा पंखा खेचत होता आणि ती भरपाई धुराच्या पाइपातून होत होती. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. सून सहज बोलून गेली, "अंघोळीनंतर हल्ली माझं डोकं जड होतं." तोवर हे कोणी एकमेकांशी जोडलंच नव्हतं.

पुस्तिकेतल्या तक्त्यात "पायलट विझतो" याच्यापुढे पहिला उपाय थर्मोकपल आणि हा स्विच पार तळाला. आमचे लोक तळापर्यंत जातच नाहीत.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग तो स्विचच डायरेक्ट करून टाका ना. आधीचा म्हणत होता, दोन मिनिटांचं काम आहे."

"काका, तो एकच पार्ट इथे इमानाने काम करतोय."

"पण गिझर तर बंदच पडतो ना?"

मी गॅसचा कॉक बंद केला. हवा आत यायला कायमची जाळी बसवा, धुराचा पाइप तपासून घ्या, तोवर पेटवू नका, असं बिलावर लिहिलं आणि खाली "स्विच शॉर्ट करू नये" हे ठळक अक्षरात. सुनेला बाजूला घेऊन डोकेदुखीचं डॉक्टरांना सांगायला लावलं. काकांनी सही केली, पण पार्ट न बदलता पैसे घेतले याचा राग लपला नाही.

त्यांचा फोन पुन्हा आलेला नाही. जाळी बसवली म्हणून आला नाही, की दोन मिनिटांचं काम करणारा दुसरा कोणी सापडला म्हणून, हे विचारायला दोनदा नंबर काढला. आज लावतो.