पोखरात मी मागच्या सीटवर

पुण्याहून सुनौलीपर्यंतचे ५ दिवस सोडूनच देतो, ऊन, ट्रक आणि ढाब्यावरचा चहा, बाकी काही लक्षात नाही. नेपाळ बॉर्डरला बाईकचा भन्सार, म्हणजे कस्टमचा परवाना, काढण्यात अर्धी सकाळ गेली, मग बुटवल, तानसेन, वालिंग करत पोखरा.

बायको मागे बसली की आमची एक खूण असते, खांद्यावर दोनदा थाप म्हणजे हळू. सिद्धार्थ हायवेची दरडींनी अशी वाट लावलेली की थापा मारून तिचा हात दुखला असेल. मी त्यातल्या किती मनावर घेतल्या ते विचारू नका.

पोखरात पॅराग्लायडिंग सगळेच करतात, आम्हाला अल्ट्रालाइट करायचं होतं. म्हणजे तीन चाकांचा सांगाडा, वर कापडी पंख, मागे पंखा आणि एकामागे एक दोन सीट, अगदी बाईकसारख्या. दर नेपाळी रुपयात ऐकून घाम फुटला, आपल्या रुपयात आणायला १.६ ने भागल्यावरही फार काही सुकला नाही. त्यात दोन सकाळी फुकट गेल्या. ५ ला उठून तिथे जाऊन बसायचं आणि ९ ला "आज मौसम नहीं है" ऐकून परत यायचं. अरे, हॉटेलवर एक फोन करायला काय जातं तुमचं?

तिसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. आधी बायको गेली. उतरल्यावर म्हणाली, "मस्त आहे, खड्डे नाहीत."

मग मी. जंपसूट, हेल्मेट, हातमोजे. खिसे रिकामे करायला लावले, कारण पंखा आपल्या पाठीमागे असतो, मोबाईल सुटला तर थेट त्यात. जरासं धावलो आणि जमीन गेलीच. खाली सेती नदीची घळ, सुरीने कापल्यासारखी, मग फेवा ताल आणि त्यातलं ताल बाराहीचं देऊळ, नारळाएवढं. समोर माछापुच्छ्रे, म्हणजे माशाची शेपटी, ६,९९३ मीटरचं शिखर. पण शेपटीची दोन टोकं कुठे दिसेनात, पोखरातून तो एकच सुळका वाटतो. पायलट म्हणाला, त्यासाठी पश्चिमेला जायला लागतं, मोठं तिकीट काढायचं होतंत.

पण माझं लक्ष डोंगरात होतंच कुठे! पायलटच्या हातात एक आडवा दांडा, तो उजवीकडे ढकलला की आम्ही डावीकडे वळतो, स्वतःकडे ओढला की वेग वाढतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर चक्क पायाखाली. १८ वर्षं बाईक चालवून जे अंगात मुरलंय ते सगळं उलटं. प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय हवेत ब्रेक शोधत होता.

सारंगकोटच्या डोंगराच्या बाजूला एक हिसका बसला, पोट वर राहिलं आणि आम्ही खाली. हेडसेटला माइक होता, बोलता आलं असतं, पण तोंडातून शब्द फुटेना. हात आपोआप त्याच्या खांद्यावर गेला. दोन थापा. त्याला वाटलं गडी खूश आहे. "वन्स मोअर?" म्हणाला आणि पंख असा काही कलवला की फेवा ताल माझ्या कानाशी आला. मी घाबरून परत थापा मारल्या. त्याने परत कलवला. असं चार वेळा झालं.

खाली आल्यावर कळलं की पंखावरच्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओचे पैसे वेगळे. मी म्हटलं ही लूट आहे, नको. तोवर बायकोने तिथल्या स्क्रीनवर माझ्या थापा बघितलेल्या, आणि पाकीट तिच्याच पर्समध्ये होतं.