वीतभर पाइपने खाल्लेला बायस : आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात केली तेव्हा आम्ही फक्त आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) जनरेटर रिपेअर करायचो, मग हळूहळू मॅचिंग बॉक्स (जनरेटरची पॉवर परत न फिरता प्लाझ्मात जावी म्हणून मध्ये लावतात तो कॉइल-कपॅसिटरचा डबा) स्वतः बनवायला लागलो, आणि तिथून कॉलेजांच्या लॅबसाठी छोटी स्पटरिंग मशीनं, म्हणजे इलेक्ट्रोडवर बसवलेल्या टार्गेटचे कण प्लाझ्मातल्या आयनांनी उडवून पातळ थर चढवणारी.

पहिल्या बॉक्सची गंमत सांगतो. 13.56 मेगाहर्ट्झ, मॅच एकदम झकास, रिफ्लेक्टेड (परत फिरणारी) पॉवर जवळपास शून्य, प्लाझ्मा पण मस्त पेटलेला, पण तांब्याच्या टार्गेटवर बायस (आयन खेचणारा निगेटिव्ह डीसी व्होल्टेज) काही येईना! कारण आम्ही कॉइल अशी जोडली होती की इलेक्ट्रोडला डीसीसाठी सरळ ग्राउंडची वाट मिळत होती. इलेक्ट्रॉन हलके, पटकन येऊन इलेक्ट्रोडवर बसतात, आयन जड, मागे राहतात, म्हणून छोटा इलेक्ट्रोड आपोआप निगेटिव्ह होत जातो, पण मध्ये ब्लॉकिंग कपॅसिटर (आरएफ जाऊ देतो, डीसी अडवतो) असेल तरच. तो नसेल तर चार्ज साठणार कुठे? (टार्गेट सिरॅमिकचं असतं तर तेच कपॅसिटरचं काम करतं, त्यामुळे चूक लपली असती.)

खरी फजिती नंतर झाली. एका कॉलेजला मशीन दिलं. आमच्या शेडमध्ये उणे 400 व्होल्ट बायस, तिथे तीच पॉवर, तोच आर्गॉन, तेच प्रेशर, आणि मीटर उणे 250 च्या पुढे हलेना. दोन दिवस मॅचिंग बॉक्स उघडा टाकून बसलो, कपॅसिटर बदलला, मीटरकडे जाणारा चोक (आरएफ अडवणारी कॉइल) बदलला, प्रोफेसर साहेब रोज येऊन नुसतं "झालं का?" विचारायचे. शेवटी पोरगा म्हणला, दादा सगळं बंद करून इलेक्ट्रोड आणि बॉडीमध्ये मल्टीमीटर लावून बघू का. बारा-पंधरा किलोओहम! इलेक्ट्रोड थंड ठेवणाऱ्या पाइपमधलं पाणी काढून कॉम्प्रेसरने फुंकलं, तर थेट मेगाओहम.

आमच्याकडे चिलरमध्ये डिस्टिल्ड पाणी होतं, तिथे बोअरचं खारट पाणी, आणि इलेक्ट्रोडच्या निपलपासून ग्राउंडच्या फ्लँजपर्यंत पाइप वीतभरच. बायसचा करंट गुपचूप पाण्यातून वाहून जात होता. आरएफच्या नजरेत तो पाइप जवळजवळ नव्हताच, म्हणून मॅचवर काही दिसलं नाही.

आता पाइप दोन-तीन मीटरचा, वेटोळं करून देतो, आणि कोटेशनमध्ये डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याचा चिलर वेगळा लिहितो. परचेसवाले पहिली तीच लाइन खोडतात.