तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच घरातले दोघे भाऊ, मग एकच का बिघडला?

आईबाप तेच, ताटात वाढलेलं तेच, मग थोरला पॉलिटेक्निकला गेला आणि धाकट्याची चौकशी करत पोलीस दारात का आले? पालकसभेत, पंचायतीच्या ओट्यावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एका शब्दाचं उत्तर हवं असतं: मोबाईल, संगत, गांजा, नाहीतर आईचे लाड. तसं उत्तर देणारेही भेटतात. त्यांच्यावर विसंबू नका.

घर एक असलं तरी दोघांना त्या घरातली वर्षं वेगळी मिळालेली असतात. समजा, वडील तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला. जहाजावरचं कंत्राट सुटलं आणि ते घरी बसून पिऊ लागले, तेव्हा थोरला पंधरा वर्षांचा होता. त्याचे मित्र, अभ्यास, मैदान सगळं तोवर बसलेलं. धाकटा दहाचा. तो नुकताच गावातली मराठी प्राथमिक शाळा सोडून पाचवीला इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात गेलेला. गणित-विज्ञान एकाएकी परक्या भाषेत, घरी विचारावं तर सांगणारं कुणी नाही. सहावीत तो मागच्या बाकावर गेला, सातवीत दांड्या सुरू झाल्या, नववीत नापास. वर्गातल्या मुलांनी टाळलं, म्हणून तो आपल्यासारख्याच तिघा-चौघांत जाऊन बसला. यात संस्कारांचा भाग किती, तुम्हीच सांगा.

लंडनमध्ये १९६१ पासून ४११ मुलांचा आठव्या-नवव्या वर्षापासून ते मोठे होईपर्यंत पाठपुरावा झाला. पुढे ज्यांच्यावर गुन्हे सिद्ध झाले, त्यांच्या लहानपणात काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: तुटपुंजी कमाई, घरात मुलं फार, आईबापांपैकी कुणाला शिक्षा झालेली, पोरावर कुणाचं लक्ष नाही, शाळेत मागे, आणि स्वभाव उतावळा, मनात आलं की करून मोकळा. यातली एखादी गोष्ट असून सरळ वाढलेली मुलं पुष्कळ होती. धोका वाढतो तो एकावर एक साचत गेल्याने. म्हणून नुसतं ‘गरिबीमुळे झालं’ किंवा ‘बाप पितो म्हणून झालं’ म्हणू नये. त्याच्यासोबत आणखी काय काय आहे ते मोजावं.

उलट बाजूही बघा. हवाईच्या कावाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा असाच अभ्यास झाला. त्यात चार किंवा त्याहून अधिक अडचणींत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं उत्तम मार्गी लागली. त्यांच्याकडे काय होतं? एक तरी भरवशाचं मोठं माणूस (बरेचदा आईबाप सोडून दुसरंच, आजी, मावशी, शिक्षक), अंगात एखादी कला किंवा छंद, आणि आपल्याला ओळखणारी चार माणसं असलेलं एखादं मंडळ. आमच्या गोव्यातल्या गावांतून हे अजून शिल्लक आहे: शिगम्याच्या (होळीच्या सणाच्या) मांडावर, म्हणजे गाव जमतो त्या जागेवर, पोराला नावाने हाक मारणारे पंधरा बाप्ये असतात. फक्त मांड वर्षातून चार-आठ दिवसांचा, आणि दुपार रोजची.

दुपारचं मुद्दाम सांगतो, कारण गोव्यात बहुतेक हायस्कुलं दीडच्या सुमारास सुटतात. आई वेर्णा नाहीतर कुंडईच्या फॅक्टरीतून सहाला परत येते. मधले चार-साडेचार तास मुलगा कुणाच्याच नजरेत नसतो. शाळा सुटल्यानंतरच्या तासांत अल्पवयीनांचे गुन्हे वाढतात हे अमेरिकेतल्या नोंदींतही दिसतं. तीन गोष्टी एकत्र आल्या की गडबड होते: मोठं माणूस जवळ नाही, ठरलेलं काम नाही, आणि सोबत वयाने तीन-चार वर्षं मोठे, हातात दुचाकी आणि खिशात पैसे असलेले मित्र. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. आठवड्यातून तीन दुपारी फुटबॉल, तबला, भजनाचा वर्ग, काहीही चालेल. पण शिकवणारा माणूस हजर हवा आणि मूल आलं नाही तर त्याने घरी फोन करावा. कोच नसलेलं मैदान म्हणजे दुसरा तिंटोच, टवाळक्या करायचा नाका. अडचणीतल्या पोरांचाच वेगळा गट करून त्यांना ‘सुधारायला’ बसवू नका. ती एकमेकांच्या बढाया ऐकून आणखी शिकतात. परदेशातल्या अशा उपक्रमांत हे मोजून पाहिलेलं आहे. पाच सरळ मुलांत एक वाकडं, हे प्रमाण ठीक.

पाळत ठेवण्याबद्दल थोडं. पालकांना मुलाचं जे कळतं, ते मुख्यतः मुलगा आपणहून सांगतो म्हणून, असं स्वीडनमधल्या एका अभ्यासात दिसलं. मोबाईल तपासून त्यामानाने थोडंच हाती लागतं. म्हणून नियम तीनच ठेवा: कुणाबरोबर, कुठे, परत किती वाजता. पोर घरात शिरल्या शिरल्या उलटतपासणी नको. आधी जेवायला वाढा. आणि त्याने स्वतःहून सांगितलेल्या गोष्टीवरून त्याच दिवशी झोडपू नका, पुढच्या खेपेला तो सांगणार नाही. (मार बसलेलं मूल खोटं बोलायला लवकर शिकतं, हेही त्यातच आलं.)

केस रंगवले, कान टोचला, तर दुर्लक्ष करा. शाळेत गैरहजेरी आणि घरी पत्ता नाही, हिशेब न लागणारा महागडा फोन, घरातल्या पैशांना पाय फुटणं, मारामारी, हे मात्र गंभीर. सुरुवात कोणत्या वयात झाली तेही बघा. चौदा-पंधराव्या वर्षी एखादी आगळीक करून आपोआप थांबणारी मुलं पुष्कळ. नऊ-दहाव्या वर्षापासूनच चोऱ्या आणि मारामाऱ्या चालू असतील तर थांबून राहू नये. नववीत नापास झाला तर दाखला काढून घरी बसवू नका, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी देता येते. किनाऱ्याकडे सीझनमध्ये पोराला शॅकवर (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात) कामाला पाठवणाऱ्यांना एवढंच: अल्पवयीनाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणं आणि त्याच्याकरवी दारू किंवा अमली पदार्थ विकवणं, दोन्हीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

आणि समजा, पोलीस आलेच? ‘ठेवा चार दिवस मेरशीच्या अपना घरात, अक्कल येईल’ असं बापच म्हणतो. (अपना घर म्हणजे अशा मुलांना ठेवण्याची सरकारी संस्था.) तसं म्हणू नका. कैदी दाखवून, तुरुंग दाखवून घाबरवण्याचे प्रयोग झाले. त्यातल्या मुलांनी नंतर गुन्हे उलट जास्त केले. २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्थेत ठेवणं हा शेवटचा मार्ग मानतो. अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला बरोबर न्या, नसेल तर पंचायतीचा किंवा पालिकेचा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन हा नियम आहे; सोडल्यास मुलगा गुन्हेगारांच्या तावडीत सापडेल किंवा त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका होईल असं दिसलं, नाहीतर न्यायाच्या हेतूलाच बाधा येणार असेल, तरच तो नाकारतात.

पुढे परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येतो आणि सामाजिक तपास अहवाल तयार करतो. बरेच पालक इथे चुकतात: अब्रू जाईल म्हणून ‘घरी सगळं ठीक आहे’ सांगतात. वडील पितात, पोर नववीपासून शाळेत नाही, मित्र वयाने मोठे आहेत, पण मामा संध्याकाळी दोन तास देईल आणि गॅरेजवाला शिकायला घेतो म्हणतो, हे सगळं त्या अहवालात यायला हवं. समज देऊन सोडायचं, समुपदेशनाला पाठवायचं, समाजसेवा द्यायची की परिवीक्षेवर घरी पाठवायचं, हे ठरवताना मंडळ याच कागदाकडे बघतं. घरात अडचण आहे पण आधारही आहे असं दिसलं, तर मुलगा घरी राहून सुधारण्याची वाट खुली राहते.

तेवढ्यात गावच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरत असेल तर काढायला लावा. अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करणाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि फोटो टाकणाऱ्यांत बहुधा शेजारीपाजारीच असतात.