तुम्ही विचारलंत म्हणून : फुलहॅमच्या मैदानाजवळ काय बघायचं?

"नाना, आमचा पोऱ्या लंडनले जाऊन राह्यला. तुम्ही तं तिकडं राहून आले. ते नदीकाठचं फुटबॉलचं मैदान आहे ना, त्याच्या आजूबाजूले काही बघण्यासारखं आहे का?"

भुसावळात हा प्रश्न मला कुठेही गाठतो. लग्नाच्या पंगतीत, भाजीबाजारात, एकदा तर दाढी चालू असताना. कारण साधं आहे. मुलगा नोकरीनिमित्त पटनीला राहतो, आम्ही दोघं त्याच्याकडे जाऊन-येऊन असतो, आणि पटनीच्या समोरच्या काठावर क्रेव्हन कॉटेज आहे, फुलहॅम क्लबचं मैदान. इकडे रात्री जागून प्रीमियर लीग बघणारी रेल्वे कॉलनीतली पोरं मला त्या मैदानाचा मालक समजतात. तेव्हा सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो.

तिकीट मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तरी त्या भागात अख्खा दिवस मजेत जातो. फक्त निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवा. मॅचची वेळ काय, सगळेच बघतात.

आपल्याला नदी म्हणजे तापी माहीत. हतनूर धरणाचे सगळे दरवाजे उघडले तरी पाणी जाणार पश्चिमेलाच. थेम्सचं तसं नाही. समुद्र तिथून लांब आहे, पण भरतीचं पाणी अख्खं लंडन ओलांडून वर टेडिंग्टनपर्यंत चढतं. पटनी वाटेतच. त्यामुळे दिवसातून दोनदा तिथली नदी उलटी वाहते. ओहोटीला काठाशी काळपट चिखल आणि गोटे उघडे पडतात, बगळे त्यात ठाण मांडून बसतात. काही तासांनी तेच सगळं पाण्याखाली. मोठ्या भरतीला तर पटनीच्या बाजूच्या काठावरचा रस्ताही बुडतो, आणि पाटी न वाचता लावलेल्या गाड्यांच्या चाकांना पाणी लागतं. ते बघायला लोक चक्क थांबतात.

तर भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट लाइनने पटनी ब्रिज स्टेशनला उतरा. नाव पटनीचं, पण स्टेशन फुलहॅमच्या काठावर आहे. इथून सरळ मैदानाकडे पळू नका. मी रेल्वेत आयुष्य घालवलेला माणूस, त्यामुळे माझा पहिला मुक्काम स्टेशनला लागूनच असलेला रेल्वेचा पूल. १८८९ सालचा, लोखंडी जाळीच्या गर्डरचा. त्याच्या एका अंगाला पायी जाणाऱ्यांसाठी वाट आहे. तिथे मध्यावर उभं राहा आणि गाडी येऊ द्या. तळव्यांना आधी बारीक थरथर लागते, मग कठडा गुणगुणतो, मग हाताच्या अंतरावरून डबे जातात. गर्डरवर रंगाचे थरावर थर चढून रिव्हेटांची डोकी गुळगुळीत झालेली आहेत, हात फिरवून बघा. माझी बायको म्हणते, लंडनला येऊन पूल काय चाचपताय. पण ज्याच्या घरात कोणी रेल्वेत होतं, त्याला हे आवडेल.

शेजारचा दगडी पूल, म्हणजे खरा पटनी ब्रिज, १८८६ चा. बांधणारा इंजिनियर जोसेफ बॅझलजेट. लंडनची मोठी गटारं बांधली तो हाच. याचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येईल. पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक जुनं चर्च आहे. पलीकडच्या सेंट मेरी चर्चमध्ये १६४७ साली राजाविरुद्ध लढणाऱ्या क्रॉमवेलच्या सैन्यातले साधे शिपाई आणि अधिकारी समोरासमोर बसून, मताचा हक्क कोणाला असावा यावर भांडले होते. राजाचं डोकं उडायला तेव्हा सव्वा वर्ष बाकी होतं. चर्च बाहेरून बघितलं तरी पुरे.

अलीकडच्या चर्चवरून पुढे गेलं की फुलहॅम पॅलेस. लंडनचे बिशप आठव्या शतकापासून विसाव्यापर्यंत इथले धनी होते. आत जायला पैसे नाहीत, हे आपल्या लोकांना आधी सांगितलेलं बरं. राजवाडा म्हणून डोळे दिपतील असं काही नाही. विटांचा जुना चौक आहे, तो छान आहे. मला आवडते ती भिंतीआडची बाग. हेन्री कॉम्प्टन नावाचे एक बिशप सतराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून वगैरे रोपं मागवून इथे लावायचे. धर्मकारणापेक्षा त्यांचा जीव झाडांत जास्त असावा. आजही तिथे भाजीचे वाफे आहेत. फुलहॅमचा हा सगळा भाग एके काळी मळ्यांचाच होता, लंडनची भाजी इथून जायची. वांगी मात्र मला दिसली नाहीत, आणि दिसली असती तरी त्यांचं भरीत झालं असतं असं वाटत नाही.

पॅलेसला लागून बिशप्स पार्क, १८९३ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं. मला विचाराल तर त्या भागातली सगळ्यात चांगली जागा हीच. नदीच्या कडेने एक लांब सरळ वाट, वर प्लेन नावाच्या झाडांची कमान, बसायला बाकं. नदी तुमच्या डाव्या हाताला ठेवून चालत राहायचं, वाट मैदानाशीच जाते. मॅचच्या दिवशी पांढरे शर्ट आणि काळे-पांढरे मफलर घातलेली माणसं इथूनच चालत जातात. आजोबा, बाप, नातू अशा तीन पिढ्या एका ओळीत. आरडाओरडा फारसा नाही. आम्ही बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढतो. एकदा ओहोटी संपत आलेली होती. पाण्यात एक ओंडका पुलाच्या दिशेने चालला होता. आमच्यासमोर आला आणि त्याचा वेग मोडला. बराच वेळ तो जागच्या जागी हळूहळू फिरत राहिला, निर्णय होत नसल्यासारखा. मग निमूटपणे ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत निघाला. आमच्या दशम्या तशाच हातात राहिल्या.

ऑक्सफर्ड-केंब्रिजची होड्यांची शर्यतसुद्धा याच पाण्यावर. १८४५ पासून ती पटनी ते मॉर्टलेक अशी होते, सुमारे ६.८ किलोमीटर. जाते नदीच्या वरच्या अंगाला. म्हणून ती भरती चढत असतानाच लावतात, म्हणजे पाण्याची साथ मिळते. मार्च-एप्रिलमध्ये असाल तर बिशप्स पार्कच्या कठड्यावरून फुकट दिसते. होड्या समोरून जातात तो वेळ फार तर एक-दोन मिनिटांचा. बाकी दिवसभर गर्दीच बघायची.

आता मैदान. बाग संपली की स्टीव्हनेज रोड. एकमेकांना चिकटलेली विटांची दुमजली घरं, खिडकीत कुंड्या, आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला लाल विटांची जरा उंच भिंत. हेच क्रेव्हन कॉटेज. मोठ्या स्टेडियमचा थाट डोक्यात असेल तर निराशा होईल. आर्चिबाल्ड लीच नावाच्या स्कॉटिश माणसाने १९०५ मध्ये हा स्टँड आणि कोपऱ्यातलं ते छोटं घर बांधलं. घराला गॅलरी आहे, खेळाडू त्याच कोपऱ्यातून मैदानात उतरतात. स्टँडमध्ये अजून लाकडी खुर्च्या आहेत, शंभर वर्षांहून जुन्या. बसलं की गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात, उठलं की फळी खटकन वर जाते. गोलच्या वेळी हजारो फळ्या एकदम खटकतात. तो आवाज टीव्हीवर कळत नाही.

नदी मात्र आता जुन्या स्टँडवरून दिसत नाही, समोर नवा उंच स्टँड उभा राहिलाय. नदीकाठच्या मैदानाला नदीच दिसू नये हे मला पटत नाही, पण क्लबला खुर्च्या वाढवायच्या होत्या.

बाहेर जॉनी हेन्सचा पुतळा आहे. १९५२ ते १९७० एकाच क्लबकडून ६५८ मॅचेस. १९६१ मध्ये खेळाडूंच्या पगारावरची २० पौंडांची मर्यादा उठली आणि आठवड्याला १०० पौंड घेणारा हा पहिला. फुलहॅमने मोठा करंडक कधीच जिंकलेला नाही. १९७५ ला एफए कपची फायनल हरले, २०१० ला युरोपा लीगची. तरी लोक येतात. मायकल जॅक्सनचा पुतळा कुठाय म्हणून पोरं विचारतात. तो जुन्या मालकाने २०११ मध्ये बसवला होता आणि मालक बदलल्यावर २०१३ मध्ये हलवला. बरं झालं.

पुढे चालत गेलात तर हॅमरस्मिथचा झुलता पूल लागेल, तोही बॅझलजेटचा, १८८७ चा. बिडाच्या भागांत तडे सापडले म्हणून एप्रिल २०१९ पासून तो गाड्यांना बंद आहे. पायी जाता येतं. आपल्याकडच्या पुलांची कामं रखडली की "लंडनमध्ये असं होत नाही" म्हणणाऱ्यांना हा पूल जरूर दाखवा. पलीकडे बार्न्सला जुन्या जलाशयांच्या जागी केलेलं पक्ष्यांचं ठिकाण आहे. चांगलं आहे, पण तिकीट महाग, आणि ज्याने थंडीत हतनूर बघितलंय त्याने ते पैसे वाचवले तरी चालतील.

दोन ठिकाणं मात्र चुकवू नका, थोडी लांब असली तरी. एक, वेस्ट केन्सिंग्टनमधलं २०, बॅरन्स कोर्ट रोड. गांधीजी बॅरिस्टर होताना या घरात राहिले, बाहेर निळी पाटी आहे. ते १८८८ च्या शरदात लंडनला पोहोचले. त्याच वर्षी मे महिन्यात क्रेव्हन सरदारांची मूळची कॉटेज जळाली होती. १७८० मध्ये बांधलेली, जिच्यावरून मैदानाला नाव पडलं ती. फुलहॅमची पहिली मॅच तिथे व्हायला १८९६ उजाडलं. विद्यार्थी गांधी मैलभरावर राहत होते तेव्हा ती जागा म्हणजे नुसतं माजलेलं रान होतं. हेच गांधी १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला आले, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा.

दुसरं, डिस्ट्रिक्ट लाइननेच एम्बँकमेंट स्टेशन. थेम्सचा हा बांधही बॅझलजेटनेच घातलेला, आणि त्याचा छोटा पुतळा तिथे भिंतीत आहे. पण मी तुम्हाला पाठवतोय तो शेजारच्या बागेत, जेम्स औट्रमकडे. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा, धरणगावला तळ ठोकून बसलेला हाच साहेब. चाळीसगावहून कन्नडला जाताना आपण औट्रम घाट चढतो, तो याच्या नावाचा. पुतळा १८७१ पासून उभा आहे, आणि समोरून जाणाऱ्या एकाही लंडनकराला हा कोण ते माहीत नसतं. मी दोघा-तिघांना विचारून पाहिलंय. चाळीसगावच्या व्याह्यांना मी त्याचा फोटो पाठवला, तर लगेच फोन आला: "याले म्हणा, तुझ्या घाटात तीन तासांपासून ट्रक आडवा पडेल आहे."