‘पती’ खोडून काय लिहायचं?

समलिंगी जोडप्यांतल्या घरगुती हिंसेवरच्या माझ्या प्रश्नावलीचा पहिला मसुदा मॅडमनी परत दिला तेव्हा त्यात एकाच शब्दाभोवती गोल होता: ‘पती’. ढकललं का, हलवलं का, काही फेकून मारलं का, हे प्रश्न मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून बेतले होते. बोलणार होते बायकांसोबत संसार करणाऱ्या बायकांशी, आणि फॉर्मवर पती! खोडून ‘जोडीदार’ केलं. वाटलं, झालं काम.

पहिल्याच मुलाखतीत (ओळख पटेल असं सगळं बदललंय) ती प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणत गेली. ढकललं? नाही. लाथ? नाही. मग बशीत सांडलेला चहा परत कपात ओतत म्हणाली, “मारत नाही गं ती. भांडण झालं की माझ्या आईचा नंबर काढून फोन माझ्यासमोर ठेवते. लावत नाही. नुसता ठेवते.”

घरी सांगून टाकीन, ही न बोललेली धमकी. याला माझ्याकडे चौकटच नव्हती.

तक्रारीचं विचारलं तर हसली. २००५च्या घरगुती हिंसाचार कायद्यात प्रतिवादी ‘प्रौढ पुरुष’च असायचा, ते शब्द सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काढले. म्हणजे बाईविरुद्धही दाद मागता येते. पण त्याआधी नातं दाखवायचं रक्ताचं, दत्तकाचं, लग्नाचं किंवा लग्नासारखं. आणि समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला. पुरुष जोडप्यांसाठी तर हा कायदा नाहीच. जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेतलं कलम ३७७ गेलं, आणि प्रौढ पुरुषावरच्या बलात्काराला लागू पडणारं कलम तेच होतं.

आकडे म्हणाल तर सगळे एकच फेकतात: अमेरिकेतली २०१०ची सीडीसीची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेची पाहणी. जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग आयुष्यात कधीतरी सोसलेल्या लेस्बियन ४३.८ टक्के, विषमलिंगी बायका ३५. पुढची ओळ कुणी वाचत नाही. त्या लेस्बियन बायकांपैकी साधारण दोन तृतीयांश जणींनीच त्रास देणाऱ्या फक्त बायका होत्या असं सांगितलं. बाकीच्यांच्या आयुष्यात पुरुषही होते.

निघताना ती म्हणाली, “हे छापलंस की लोक म्हणणार, बघा, आम्ही सांगतच होतो.” मी रेकॉर्डर बंद केला होता, बरं झालं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता चौदावा प्रश्न तिच्याच शब्दांत आहे: भांडणात जोडीदाराने तुमच्या घरच्यांचा नंबर काढून फोन समोर ठेवलाय का? मॅडमना तो फारच एकीपुरता वाटतो. मी अजून खोडलेला नाही.