पिशवीतला पास

मोफत कायदा सल्ला केंद्रात मी आठवड्यातून एक दिवस बसते. त्या दिवशी सगळ्यात शेवटी आत आलेला मुलगा बाविशीचा असेल. काही बोलायच्या आत त्याने कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. पाकिटांचा ढीग, आणि एकही फोडलेलं नाही.

"कधीपासूनची ही?"

"वर्ष झालं असेल, मॅडम. बँकेने खातं गोठवलं म्हणून आलो."

अशा वेळी लगेच वाचत सुटायचं नसतं. आधी टपालाच्या शिक्क्यांवरून पाकिटं तारखेवार लावायची, मग फोडायची. रिकामं पाकीटही टाकायचं नाही. पत्रावरची तारीख एक आणि शिक्क्यावरची दुसरीच असेल, तर मुदतीच्या भांडणात तेच कामाला येतं. शिक्के वाचायला मी त्यालाच बसवलं. शिक्का कुठे बघायचा हे सांगण्यातच पाच मिनिटं गेली. शिक्क्याची तारीख नसलेली, तिकिटाच्या जागी छापील चौकोन असलेली पाकिटं आम्ही जाहिराती समजून बाजूला सारली.

लावून झाल्यावर सगळं उलगडलं. रेल्वेत तपासनिसाने पकडलं, कारण खिशातल्या पासची मुदत संपलेली. जवळ पैसे नव्हते, म्हणून हातात दंडाची पावती. मग स्मरणपत्र, मग वाढीव रकमेचं दुसरं, मग वसुलीवाल्यांच्या वकिलाची नोटीस. न्यायालयाचं समन्स रजिस्टर पोस्टाने आलेलं. पोचपावतीवर सही खोलीतल्या मित्राने केली होती आणि पाकीट पिशवीत टाकलं होतं. हा तारखेला गेला नाही, म्हणून याची बाजू न ऐकताच एकतर्फी आदेश झाला. बेरीज केली तेव्हा त्यात मूळ दंड निम्माही नव्हता. बाकी सगळा पत्रांचा, वकिलाचा आणि उशिराचा खर्च.

"पण मला मेसेज नाही आला," तो म्हणाला.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! पूर्वी चिडायचे. या पोरांच्या लेखी महत्त्वाची गोष्ट खिशात वाजते. दाराखालून सरकते ती जाहिरात. आणि खरं म्हणजे पहिलं पाकीट आळसाने राहतं, चौथं भीतीने. तिकिटांचीही हीच तऱ्हा. फोनमध्ये असेल तर ऐन तपासणीला बॅटरी संपते, कागदी असेल तर जीन्सबरोबर धुऊन निघतं. एका मुलीने पुरावा म्हणून मला चक्क कोरा कागद आणून दिला होता. बिचारीने तिकीट महिनोन्महिने प्लास्टिकच्या कव्हरात जपलं होतं. पण बरीच तिकिटं उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर छापतात. त्यात शाई नसतेच, आणि कव्हरातल्या रसायनांनी अक्षरं उडून जातात.

निघता निघता मी बाजूच्या जाहिराती चाळल्या. एक पाकीट जरा जाड लागलं. फोडलं, तर आत त्याच्या फोटोसकट नवाकोरा पास! दंडाच्या आठ दिवस आधीपासून वैध. पैसे खात्यातून आपोआप वळते होत होते, पास वेळेवर घरी आला होता आणि हा जुना खिशात घालून हिंडत होता. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलंच होतं, की पासधारकाने ठरलेल्या दिवसांत पास दाखवला तर किरकोळ शुल्क भरून प्रकरण मिटेल.

मला हसू फुटलं. त्याचा चेहरा बघून आवरलं.

तो एकतर्फी आदेश रद्द करण्यासाठी अर्ज करायला तीन दिवस उरले होते. "पत्रं मिळालीच नाहीत असं लिहू या ना," तो म्हणाला. पोचपावतीवर सही असताना? शिवाय बरोबर पत्त्यावर टाकलेलं पत्र पोचलं असंच न्यायालय धरून चालतं. आम्ही खरं तेच लिहिलं आणि सोबत पास जोडला. रेल्वेने मूळ दंड सोडला. वकिलाचा आणि न्यायालयाचा खर्च काही सुटला नाही. त्याचे हप्ते बांधून घेतले.

पहिल्या हप्त्याच्या पावतीची प्रत मला पोस्टानेच पाठव, असं मी मुद्दाम बजावलं होतं. पाकीट आलं. अक्षर वळणदार, पत्ता अचूक. तिकीट मात्र लावलेलं नव्हतं. पोस्टमनने दंड माझ्याकडून घेतला.